अल्पाका: रीलमध्ये गोड, गोठ्यात वेगळा

आठवडाभर आपल्या ग्रुपवर एकच रील फिरतंय. लांब मानेचा, डोळ्यावर झिपऱ्या आलेला अल्पाका आणि त्याच्या गळ्यात पडलेलं पोरगं. तीन-चार सभासदांनी विचारलं, "आपली कंपनी आणेल का हो?" आमचं मत स्पष्ट आहे, आणू नये. का, ते नीट सांगतो, कारण उद्या कुणीतरी "एक जोडी घ्या" म्हणत ॲडव्हान्स मागायला येईल.

पहिली गोष्ट, या जनावराची जोडी ठेवतच नाहीत. अल्पाका कळपाचा. एकटा ठेवला तर झुरतो, खाणं टाकतो. म्हणून जाणकार किमान तीन ठेवतात, तेही नर वेगळे, माद्या वेगळ्या. एकत्र सोडले तर नर मादीला उसंत देत नाही. मादी गाभण असली की नराला जवळ येऊ देत नाही, थुंकते. तिकडचे पाळणारे यावरूनच गाभण ओळखतात. मग साडेअकरा महिने थांबा, पिल्लू एकच.

थुंकणं म्हणजे राग माणसावरच असतो असं नाही. बहुतेक वेळा चाऱ्यावरून आपसातच चालतं. आधी कान मागे जातात, हनुवटी वर येते. ज्याला हे दिसतं तो बाजूला होतो.

खरा धोका लाडाचा. नर पिल्लू कळपातून काढून बाटलीवर, मांडीवर वाढवलं तर ते माणसालाच अल्पाका समजतं. दोन-तीन वर्षांचं झालं की त्याच माणसाला दुसरा नर समजून छातीने धडका देतं, चावतं. आपल्याकडे बाटलीवर वाढलेला बोकड पोरांना टक्कर मारतो, तसंच. रीलमधलं ते गळ्यात पडणं पाहिलं की आम्हाला हेच आठवतं.

आता हवामान. हे जनावर पेरू-बोलिव्हियातल्या अँडीज डोंगरातलं, साडेतीन हजार मीटरच्या वरचं. रात्री पाणी गोठतं तिथे. आपल्या ४२ अंशात त्या लोकरीचं काय होईल, ते ज्यांनी एप्रिलमध्ये जर्सी गाय सांभाळलीय त्यांना सांगायला नको. एक गुण मात्र घेण्यासारखा, कळप ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो. तिथले शेतकरी तेच खत बटाट्याला घालतात.

पैशाचं म्हणाल तर अमेरिकेत १९८४ पासून हे जनावर आणलं गेलं. एकेक मादी हजारो डॉलरला गेली. पण कमाई लोकरीची नव्हतीच, पुढच्या गिऱ्हाइकाला जनावर विकण्याची होती. २००८ च्या मंदीनंतर गिऱ्हाईक संपलं आणि कित्येकांनी कळप फुकट वाटले. आपल्याला हे नवं नाही. ईमू आठवा. २०१२ मध्ये तमिळनाडूत तो धंदा बसला, आणि आपल्याकडेही कुंपणातले पक्षी कुणी घेईना. त्या वेळीही "पिल्लं आम्हीच परत घेऊ" असंच सांगत होते.

तेव्हा अल्पाका असो की आणखी कुठलं नवं जनावर, परत खरेदीचा करार कुणी पुढे केला तर सही करण्याआधी त्याचा फोटो ऑफिसच्या नंबरवर पाठवा. आणि विचारा, मांस, दूध, लोकर यातलं नेमकं काय, कोण, कुठल्या बाजारात घेणार आहे?