सूर्य सातबारा बघून उगवतो

उद्याच्या जगाची चित्रं काढणाऱ्या मंडळींना एकदा येरमाळ्याला आणायला हवं. चैत्र पौर्णिमेला नको. तेव्हा येडेश्वरीच्या यात्रेतल्या लाखोंच्या गर्दीत त्यांना नुसते रंग दिसतील. मे महिन्यात आणायचं, भर दुपारी. सोलापूर-धुळे हायवेला उतरवायचं आणि बालाघाटाच्या माळाकडं बोट दाखवून सांगायचं, बघा, तुमचं चित्र इथं उभं आहे. माळावर पवनचक्क्या फिरतायत, रानात सोलरच्या प्लेटा ऊन खातायत. आता यात आशा कुठं आहे तेवढी दाखवा.

या मंडळींच्या पंथाला सोलरपंक म्हणतात. २०१२ साली ब्राझीलमध्ये या नावाचा कथासंग्रह निघाला, मागोमाग जाहीरनामे आले आणि मग चित्रांचा पूर: उंच मनोरे, त्यांच्यावरून लोंबणाऱ्या वेली, गच्चीवर टोमॅटो, हसरी माणसं. सुरुवातीला लिहिणाऱ्यांचं म्हणणं वाईट नव्हतं. प्रलयाच्या गोष्टी पुरे झाल्या, वीज-पाणी-अवजारं लोकांच्या हातात असलेलं जग कल्पून बघू, असं ते म्हणत होते. पण ‘लोकांच्या हातात’ हे रंगवायला अवघड, वेल सोपी. या स्वप्नाचं सगळ्यात देखणं रूप २०२१ मध्ये अवतरलं, ते चोबानी या दही विकणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या जाहिरातीत. हवेत तरंगत्या पवनचक्क्या, हिरवंगार शेत, जो हिसाइशीचं संगीत. चाहत्यांना लाज वाटली असावी. त्यांनी जाहिरातीतून कंपनीचं नाव पुसलं आणि ती पुन्हा फिरवली. पुसून काय झालं? ते शेत कुणाच्या सातबाऱ्यावर आहे हे आधीही कळत नव्हतं, नंतरही कळलं नाही.

त्यापेक्षा १९०५ सालची बंगालची रुकैया हुसेन जास्त पोचलेली. ‘सुलतानाज ड्रीम’ या तिच्या गोष्टीत बायका सूर्याची उष्णता साठवतात, फुग्यानं ढगातलं पाणी खेचतात, दिवसाला दोन तास काम करतात. पण यंत्रांच्या आधी तिनं सत्तेचा निकाल लावलाय: पुरुष घरात कोंडलेत आणि कारभार बायकांकडं आहे. आधी मालकी, मग मोटार. आजच्या चित्रकारांना हा क्रमच आठवत नाही.

आमच्याकडं पवनचक्की वारा पकडायच्या आधी माणूस पकडते. पहिल्यांदा येतो दलाल, आणि तो बाहेरचा नसतो, आपल्यातलाच असतो, पांढऱ्या गाडीतून येतो एवढंच. मग रस्त्यासाठी बांध फुटतो, तारांसाठी झाडं पडतात. ज्याला बोलता येतं त्याला मोबदला जास्त, त्याच्या शेजाऱ्याला कमी. आणि शेजारी ओरडला की पोलीस बंदोबस्त. तयार झालेली वीज डोक्यावरून निघून जाते. पंख्याच्या बुडाशी राहणाऱ्याला युनिटमागं एक पैसा सूट नाही. पलीकडच्या केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ ला खून झाला. एका पवनऊर्जा कंपनीकडं मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले म्हणून, असं सीआयडीचं आरोपपत्र सांगतं. स्वच्छ ऊर्जा म्हणे!

सोलर पंपाचं मात्र नीट बोललं पाहिजे, कारण तिथं खरंच काहीतरी मिळालंय. रात्री दोनला लाईट येणार म्हणून बॅटरी घेऊन रानात जायचं, पायाखाली साप आहे की पाइप हे चाचपायचं, ही गोष्ट ज्यानं केली नाही त्यानं दिवसाच्या विजेची टिंगल करू नये. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच. बिल नाही. उत्तम.

आता योजनेचा तक्ता वाचा. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्याच्यावर साडेसात. म्हणजे ज्याची जमीन मोठी त्याचा सूर्य मोठा. जमीनच नाही त्याला अंधारही फुकट आणि ऊनही फुकट. शिवाय बिल नसलेला पंप बंद कुणी करायचा? ६० मीटरच्या खालच्या विहिरींना आवर घालणारा भूजल कायदा २००९ पासून कागदावर आहे आणि आमच्याकडं पाचशे-सहाशे फुटांचे बोअर आहेत. डिझेलचा खर्च, विजेचं बिल हे लगाम होते, वाईट असले तरी होते. तेही सुटले. पाणी संपवण्याचं काम आता प्रदूषणाशिवाय होईल, एवढीच प्रगती.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ही संस्था या भागात कामाला लागली होती. तिच्याशी जोडलेल्या धाराशिव-लातूरच्या बायकांनी घरच्या जमिनीतला एकेक एकर मागून घेतला. ऊस-सोयाबीन घरधन्याचा, या एकरात ज्वारी, कडधान्य, भाजी, कमी पाणी, घरचं खत, आणि काय पेरायचं ते बाई ठरवणार. चित्रच हवं असेल तर त्यांच्यातल्या गोदावरी डांगेंवर एक चित्रकथा निघालेली आहे. तिच्यात काचेचा मनोरा नाही. एक एकर मागायला आपल्याच घरात किती घसा कोरडा करावा लागतो, हे कुठल्या पंथाच्या जाहीरनाम्यात आलंय?

आणि नियमच हवा असेल तर तोही आपल्याकडं १९७० च्या दशकातच तयार झाला. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणसावर: माणशी अर्धा एकर भिजेल इतका, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ऊस लावायचा नाही. तेव्हा रानात सोलर प्लेट नव्हती. हाच नियम आज तिच्यावर बसवायला कुणाची ना आहे? ऊन तर विहिरीइतकंही कुणाच्या बापाचं नाही.

ना कुणाची आहे ते सांगतो. पाण्याचा आणि सोलरचा वाटा माणशी करू, भूमिहीनाचंही नाव यादीत घालू आणि ऊस बंद ठेवू, असं मी गावात पारावर बोललो. यादीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पहिला प्रश्न आला, “भाऊ, मग कारखान्याला काय घालायचं?”

विचारणाऱ्याच्या रानात साडेसातचा पंप आहे.