आकडे जुळले, नावांचे काय?

वाणिज्य शाखेचा मुलगा संगणकावर लिहितो म्हटल्यावर संपादकांना वाटले, आता हा नव्या युगाचे गोडवे गाणार. तसे काही नाही. मला लिहायचे आहे ते एका म्हाताऱ्या यंत्राविषयी.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत काम शिकायला जात होतो. तिथे मागच्या खोलीत, तिजोरीला लागून, संस्थेचा सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे कचेरीतल्या बाकी संगणकांना खातेवह्या पुरवणारा मुख्य संगणक. त्यावर विंडोज सर्व्हर २००३ ही प्रणाली चाले. तिची देखभाल खुद्द मायक्रोसॉफ्टने १४ जुलै २०१५ रोजी थांबवली, म्हणजे पुढे तिला कुठे भोक पडले तर ठिगळ मिळणार नव्हते. आमचे यंत्र मात्र निवांत चालूच राहिले. आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली, त्यामुळे वीज गेली की त्याचे घड्याळ मागे जाई आणि अण्णा, म्हणजे आमचे हेडक्लार्क, तारीख हाताने घालीत. एकदा ते राहून गेले आणि दिवसभराच्या पावत्या भलत्याच वर्षाच्या निघाल्या. तेव्हा कुठे संचालक मंडळ जागे झाले.

नवे यंत्र आले. दोन तरुण शनिवारी संध्याकाळी बसवायला आले आणि रविवारी रात्री गेले. सोमवारी ठेवींची व कर्जांची बेरीज दोन्ही यंत्रांवर ताडून पाहिली. पैशाचाही फरक नव्हता. पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

मंगळवारी एक आजी आल्या. यजमान वारलेले, त्यांच्या नावची ठेव वारस म्हणून यांना मिळायची होती. मृत्यूच्या दाखल्यावर नाव अर्जुन, आणि नव्या यंत्राने छापलेल्या कागदावर 'अजुर्न'. साहेब म्हणाले, नावात फरक आहे, प्रतिज्ञापत्र करून आणा. आजींनी कागद उलटसुलट करून पाहिला. "आमच्या मालकांचं नाव तुमच्या मशीननं खाल्लंय आणि शपथ मी घ्यायची होय रे बाळा?" मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

झाले होते ते असे. आकडे यंत्रात आकडे म्हणूनच साठवलेले असतात, ते सुखरूप येतात. नावांचे तसे नव्हते. युनिकोड या सर्वमान्य संकेतात देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या १९९१ पासून आहेत, पण आपल्या कचेऱ्यांत तो रुळायला फार वर्षे गेली. तोवरचे फाँट निराळीच युक्ती करीत. यंत्रात साठवायची इंग्रजी अक्षरे-चिन्हे, आणि पडद्यावर त्यांच्या जागी काढायचे मराठी अक्षरांचे तुकडे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. नव्या यंत्रावर नेताना हे सारे युनिकोडमध्ये उलथवावे लागते, आणि मेख आहे ती क्रमात. जुन्या फाँटमध्ये जसे दिसते तसे साठवत: पहिली वेलांटी अक्षराआधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे साठवतात: वेलांटी अक्षरानंतर, आणि रफाराचा र् अक्षराआधी. आमच्या प्रोग्रॅमने वेलांट्या नीट हलवल्या, रफार तिथेच ठेवले. म्हणून अर्जुनचे अजुर्न झाले आणि शिर्के यांचे शिकेर्. कन्नड सभासदही सुटले नाहीत, कारण त्यांचा अर्कावत्तुही अक्षरामागून लिहितात. कौंटरवरच्या अक्का कन्नड. त्या म्हणाल्या, "तुमचा रफार गेला, आमचा अर्कावत्तु गेला. यात तरी भांडण नको."

साहेबांनी तोड काढली, सगळी नावे इंग्रजीत घालून टाकू, कटकटच मिटेल. माझा वाद आहे तो इथे. इंग्रजीत काळे आणि काले एकच होतात. ळ मराठीत आहे, कन्नडातही आहे, इंग्रजीला तो नाही. शिवाय इथे काढलेल्या आधार कार्डावर नाव इंग्रजी आणि कन्नडमध्ये असते. तेव्हा शाळेचा दाखला सोडला तर आपल्याकडच्या पुष्कळ मराठी माणसांचे नाव, त्यांनी स्वतः सांगितले तसे मराठीत लिहिलेले, अशा सभासद-नोंदीतच काय ते सापडते. ते पुसण्याचा अधिकार यंत्र विकत घेतल्याने मिळतो असे मला वाटत नाही.

त्या दोन तरुणांना मी दोष देत नाही. रफार चुकला हे त्यांना कळायला हवे होते, हे खरे. पण शिर्के कोण, काळे कोण, हे त्यांनी कुठून ओळखावे? मंडळाच्या तीन सभा यंत्राच्या किमतीवर झाल्या. नावे कोण वाचणार, हा विषय कुठल्याच सभेत निघाला नाही. उलट जुने यंत्र भंगारात द्या, खोली मोकळी होईल, असा ठराव व्हायचा होता. अण्णा आडवे आले. जुना फाँट आणि जुना प्रोग्रॅम त्या एकाच यंत्रावर उरला होता. ते गेले असते तर रोज रात्री काढलेल्या प्रती असूनही त्या वाचणार कशावर? आता ते यंत्र चालू आहे, फक्त त्याची नेटवर्कची वायर काढून ठेवली आहे.

रफाराची चूक प्रोग्रॅममध्ये पुढे दुरुस्त झाली. तरी काम संपले नाही. जुन्या फाँटमध्ये एकच नाव दोन तऱ्हांनी टाइप करता येई. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसत, उलथवल्यावर मात्र एक शुद्ध येते आणि दुसरे वेडेवाकडे. ते ओळखायला माणूसच लागतो. म्हणून रविवारी सकाळी आम्ही बसतो. अण्णा जुन्या पडद्यावरून मोठ्याने वाचतात, मी नव्यावर पाहतो, कन्नड नाव आले की अक्का खुर्ची पुढे ओढतात. मध्येच अण्णा थांबून अमक्याचा वाडा कुठे होता ते सांगतात, त्यात पंधरा मिनिटे जातात. साहेबांच्या मते हा वेळेचा अपव्यय आहे.

आजींचे काम पहिल्याच रविवारी झाले. प्रतिज्ञापत्र लागले नाही. आम्ही सध्या सभासद क्रमांक १६४० वर आहोत.