विश्लेषण : मुलगा ‘बापावर जातो’ म्हणजे नेमका किती जातो?

बारशाला पाळण्याभोवती जमलेली मंडळी निकाल लगेच देऊन टाकतात. नाक बापाचे, कपाळ आजोबांचे. तोच मुलगा पुढे शाळेत कोणाच्या अंगावर धावून गेला, की ‘घराण्याचाच तापटपणा, जाणार कुठे’ असे म्हणून विषय संपतो. आता या जुन्या समजुतीला डीएनए चाचणीचा टेकू मिळाला आहे. लाळेचा नमुना पाठवला की पितृवंशाचा ‘हॅप्लोग्रुप’ कळतो आणि तो आर१ए निघाला, की त्यावरून थेट पूर्वजांचे शौर्य, उंची आणि कुळाची थोरवी सिद्ध करणारे मेसेज फिरू लागतात.

बापाकडून फक्त मुलालाच मिळणारा डीएनए पुरुषाचे रूप आणि स्वभाव ठरवतो का? थोडक्यात उत्तर असे, की बाळ मुलगा होणार हे तो ठरवतो. तो मुलगा कसा दिसेल आणि कसा वागेल, यात त्याचा वाटा फारच थोडा आहे.

वाय गुणसूत्रावर असते तरी काय?

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यातली एक जोडी लिंग ठरवते. स्त्रीमध्ये दोन एक्स, पुरुषात एक एक्स आणि एक वाय. वाय बापाकडून मुलाकडे जवळपास जसेच्या तसे जाते, म्हणूनच आडनावासारखा त्याचा माग काढता येतो.

वाय गुणसूत्राचा संपूर्ण क्रम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची लांबी सुमारे ६ कोटी २५ लाख अक्षरे आणि प्रथिने बनवणारी जनुके १०६. एक्स त्याच्या अडीचपट लांब आहे आणि त्यावर अशी आठशेहून अधिक जनुके आहेत. वायवरच्या जनुकांपैकी अनेकांचे काम शुक्राणू तयार करण्याशी निगडित आहे. सर्वांत महत्त्वाचे जनुक एसआरवाय, ते १९९० मध्ये सापडले. गर्भात वृषण तयार होण्याची सुरुवात ते करून देते. पुढे दाढी, घोगरा आवाज, पिळदार स्नायू ही कामे टेस्टोस्टेरॉन करते. पण हे बटण जवळपास सर्वच पुरुषांत सारखेच दाबले जाते. त्यामुळे पुरुष आणि स्त्री यांच्यातला फरक त्यातून समजतो, एक पुरुष दुसऱ्यापेक्षा वेगळा का, हे समजत नाही.

मग बापाचे नाक आले कुठून?

नाक खरोखर बापाचे असू शकते, पण ते आले उरलेल्या २२ गुणसूत्रांतून. ती बापाकडून जितकी मुलाला मिळतात तितकीच मुलीलाही मिळतात. उंचीचेच पाहा. ५४ लाख लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासात उंचीशी संबंधित १२ हजारांहून अधिक बदल सापडले, आणि ते या २२ गुणसूत्रांवरच शोधलेले होते. टक्कल तर आणखी मजेशीर. ब्रिटनमधील ५२ हजार पुरुषांच्या २०१७ च्या अभ्यासात टकलाशी निगडित २८७ जागा आढळल्या, त्यातल्या ४० एक्सवर होत्या. सर्वाधिक प्रभावी मानले जाणारे एआर हे जनुकही एक्सवरच आहे, आणि मुलाला एक्स मिळते ते आईकडून. म्हणजे वडिलांच्या टकलाकडे पाहून धास्तावलेल्याने आईच्या वडिलांकडेही एकदा पाहून घ्यावे.

आणि स्वभाव?

या प्रश्नावर विज्ञानाने एकदा चांगलीच ठेच खाल्ली आहे. १९६५ मध्ये स्कॉटलंडमधील कडक बंदोबस्ताच्या एका मनोरुग्णालयात एक वाय जास्त असलेले, म्हणजे एक्सवायवाय पुरुष अपेक्षेपेक्षा अधिक आढळले. लगेच ‘गुन्हेगार गुणसूत्र’ अशी हाकाटी सुरू झाली. १९६६ मध्ये शिकागोत आठ तरुणींचे खून करणाऱ्या रिचर्ड स्पेकला एक वाय जास्त आहे अशा बातम्या आल्या. त्या खोट्या निघाल्या. १९७६ मध्ये डेन्मार्कमधील अभ्यासात ४,१३९ उंच पुरुष तपासले गेले. त्यात एक्सवायवाय केवळ १२ निघाले. त्यांच्यात शिक्षा झालेल्यांचे प्रमाण जास्त होते, पण गुन्हे बहुतेक किरकोळ होते. ते विशेष हिंसक असल्याचा पुरावा मिळाला नाही. अख्खे वाय जादा असूनही माणूस हिंसक ठरत नसेल, तर वायवरच्या चार-दोन अक्षरांच्या फरकावरून ‘लढवय्ये रक्त’ ओळखण्याच्या दाव्यांना काय अर्थ उरतो?

पुरुषी आक्रमकतेच्या संदर्भात सर्वाधिक गाजलेले जनुक आहे एमएओए. १९९३ मध्ये एका डच कुटुंबातील हिंसक वागणाऱ्या पुरुषांत ते बिघडलेले आढळले. हे जनुक एक्सवर आहे, म्हणजे बाप ते मुलाला देऊच शकत नाही. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे २००२ मध्ये दिसले ते अधिक बोलके आहे. या जनुकाचा मंद प्रकार असलेल्यांपैकी ज्यांचा बालपणी छळ झाला होता, त्यांच्यातच समाजविघातक वर्तनाचे प्रमाण लक्षणीय वाढले होते. हात उगारणाऱ्या बापाचा मुलगा हात उगारतो तेव्हा ‘रक्तातच आहे’ म्हणणे सोयीचे असते. त्याने घरात काय पाहिले, हा प्रश्न मग विचारावा लागत नाही.

हॅप्लोग्रुपला काहीच अर्थ नाही का?

आहे, पण तो इतिहासाचा. २००३ च्या एका अभ्यासात आशियाच्या विस्तीर्ण पट्ट्यातील सुमारे ८ टक्के पुरुषांत एकच वायवंश सापडला. तो चंगेज खानचा असावा हा संशोधकांचा अंदाज. खानाची कबर सापडलेली नसल्याने तो ताडून पाहता येत नाही. हा वंश मंगोलियापासून पाकिस्तानातील हजारा समाजापर्यंत पसरला आहे, पण त्या साऱ्यांचा चेहरा एक नाही. आरोग्याबाबत मात्र वायकडे दुर्लक्ष करून चालत नाही. त्याचे काही तुकडे गळाले तर शुक्राणू तयार होत नाहीत. २०१२ मध्ये ब्रिटिश पुरुषांच्या अभ्यासात ‘आय’ हॅप्लोग्रुप असलेल्यांना हृदयविकाराचा धोका सुमारे ५० टक्के अधिक दिसला. ही बाब डॉक्टरांच्या कामाची आहे, कुळाच्या अभिमानाची नाही.

‘वंशाचा दिवा’ नेमका कोण?

दहा पिढ्या मागे, साधारण पेशवाईच्या काळात गेलो, तर प्रत्येकाला १,०२४ पूर्वज असतात (नात्यात लग्ने झाली असतील तर काही नावे दोनदा येतात). त्यातल्या ५१२ पुरुषांपैकी फक्त एकाचे वाय आजच्या मुलापर्यंत पोहोचते. बाकी सारा वारसा बाया-बापड्यांच्या सरमिसळीतून येतो. घराणी तरी कुठे वायवर चालली? कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. भोसल्यांची गादी पुढे चालली ती दत्तकविधानाने.

तरीही त्या एका गुणसूत्रासाठी महाराष्ट्राने मोठी किंमत मोजली आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारे हे पहिले राज्य, तो कायदा १९८८ चा. पण ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. मुलगी झाली म्हणून बोलणी सुनेलाच खावी लागतात, वास्तविक एक्स की वाय हे बापाच्या शुक्राणूवर ठरते.

आता हिशेब असा : बाप मुलाला छोटे वाय देतो आणि मुलीला मोठे एक्स. म्हणजे बापाचा डीएनए मुलापेक्षा मुलीला थोडा जास्तच मिळतो. शिवाय ते एक्स बापाला त्याच्या आईकडून आलेले असते आणि मुलीला ते जवळपास अखंड मिळते. वडिलांच्या आईचे हे एक्स नातीकडे येते, नातवाकडे नाही.