दिवा लागतो, पण सेल्फ फिरत नाही

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी हद्दपार झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती आणि मुंबईत टॅक्सीचे आयुष्य 20 वर्षांचे ठरलेले आहे. वर्षे भरली, गाडी गेली. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट म्हणून ही गाडी आली, पुढे तिची प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी झाली आणि 2001 मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले, लोक हळहळले. आम्हाला मात्र आठवण झाली ती वेगळ्याच माणसाची. फुटपाथवर लाकडी पेटी, दोन वायरींचा टेस्ट लॅम्प, पकड आणि पॉलिश पेपर घेऊन बसणाऱ्या वायरमनची. इतकी वर्षे ही गाडी चालती राहिली ती त्याच्या जिवावर.

आपल्या वस्तीत असा एखादा माणूस असतोच. कोणी टॅक्सी चालवली, कोणी मोटारीच्या कारखान्यात पाळी केली, कोणाचा मुलगा दहावीनंतर गॅरेजला लागला. म्हणून हा विषय आमच्या वाचकांना परका नाही. प्रश्न एवढाच आहे की पद्मिनी गेली, म्हणजे त्या माणसाची विद्याही गेली का? आमचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते का, हे आज थोडे खोलात जाऊन सांगायचे आहे.

साधे उदाहरण घेऊ. सकाळी गाडीचा दिवा झकास लागतो, हॉर्न वाजतो, पण सेल्फ मारला की नुसता 'टक्' असा आवाज येतो आणि दिवा मंद होतो. मालक म्हणतो, बॅटरी गेली. दुकानदार म्हणतो, नवी घ्या. आता हिशेब मांडू. हेडलाइटचा एक बल्ब साधारण 45 वॅटचा; बारा व्होल्टवर तो जेमतेम 4 ॲम्पिअर करंट घेतो. सेल्फ मोटर इंजिन फिरवताना 200 ॲम्पिअरच्या आसपास घेते. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड साचली आणि तिथे एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा निर्माण झाला असे समजा. दिव्यासाठी तिथे व्होल्टची घट किती? 4 गुणिले 0.01, म्हणजे 0.04 व्होल्ट. दिव्याला ते कळतही नाही. सेल्फसाठी किती? 200 गुणिले 0.01, म्हणजे पूर्ण 2 व्होल्ट. शिवाय त्याच जागी 400 वॅटची उष्णता तयार होते. म्हणून तर खराब टर्मिनल हाताला गरम लागते.

म्हणजे बॅटरी चांगली, मोटरही चांगली, आणि दोष मधल्या चिमूटभर पुडीत! जाणता वायरमन काय करतो? मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी तिच्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर ठेवतो आणि सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगतो. काटा शून्याजवळ राहिला तर जोड ठीक, एक-दोन व्होल्ट दाखवले तर चोर सापडला. मीटर नसेल तर टर्मिनल घासून, घट्ट करून पुन्हा मारून पाहतो. तसाच तो इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी तपासतो. वीज जितकी जाते तितकीच परत येते, हे पुष्कळजण विसरतात आणि जाणारी वायर बदलत बसतात.

आम्ही कॉमर्स शिकलेली कारकून माणसे. ताळेबंद जुळला नाही तर आम्ही वही फाडून नवी लिहीत नाही. फरक कुठल्या पानावर शिरला ते शोधत मागे जातो. मोटारीच्या विजेचे काम नेमके असेच आहे. बारा व्होल्ट बॅटरीपासून निघाले, ते कुठवर पूर्ण पोचले आणि कुठे कमी झाले, एवढेच टप्प्याटप्प्याने पाहायचे असते.

आता इंजिनातल्या ठिणगीकडे वळू. जुन्या गाडीत पॉइंट, कंडेन्सर आणि कॉईल अशी तिघांची भागीदारी असते. पॉइंट मिटलेले असताना कॉईलच्या जाड वेटोळ्यातून करंट वाहतो आणि चुंबकत्व तयार होते. पॉइंट उघडले की ते चुंबकत्व एकदम कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत दहा-पंधरा हजार किंवा त्याहून अधिक व्होल्ट उभे राहतात. तीच ठिणगी प्लगमध्ये पडते. पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरचे. प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी लागते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर मिनिटाला 6000, म्हणजे सेकंदाला 100 ठिणग्या झाल्या. तेवढ्या वेळा ते चिमुकले पॉइंट उघडतात आणि मिटतात. त्यांच्यातली फट साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटर ठेवावी लागते, तीही पात्याचा गेज लावून. नुसत्या नजरेने नव्हे.

कंडेन्सरचे काम पॉइंटवर होणारी ठिणगी आवरण्याचे. तो बिघडला की पॉइंट निळे-काळे पडून जळतात आणि गाडी झटके खाऊ लागते. कच्चा कारागीर पॉइंट घासून देतो. आठवड्याने गिऱ्हाईक पुन्हा दारात. त्याहून कच्चा कारागीर कार्बोरेटर उघडतो. पॉइंट का जळाले, असे विचारणारा कंडेन्सरपाशी पोचतो. तसेच डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या टोपीचे. तिच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक रेघ दिसली तर ती नुसती घाण नसते. विजेने स्वतःसाठी पाडलेली ती पायवाट असते. पावसाळ्यात गाडी सुरू न होण्याचे कारण अनेकदा तिथेच असते. ती टोपी पुसून चालत नाही, बदलावीच लागते.

सेल्फ मोटर आणि डायनमो खोलून पुन्हा उभे करणे हे तर खरे कसबाचे काम. आर्मेचरचे वेटोळे आतून शॉर्ट आहे का, हे पाहायला ग्रोलर नावाचे साधन असते. त्यावर आर्मेचर ठेवून वर हॅकसॉचे पाते धरायचे आणि आर्मेचर हळूहळू फिरवायचे. खराब खाच आली की पाते थरथरते. कार्बन झिजलेले, स्प्रिंग सैल झालेली, तांब्याच्या कॉम्युटेटरवर चर पडलेले, असे दोष डोळ्यांना दिसतात. कॉम्युटेटर लेथवर साफ करून घेता येतो. पण पुढे एक बारकावा आहे. डायनमोच्या कॉम्युटेटरमध्ये तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक थोडा खाली कोरायचा असतो, नाहीतर कार्बन उड्या मारतो. लुकासच्या जुन्या सेल्फ मोटरमध्ये मात्र तो कोरायचा नसतो. दोन्ही वस्तू दिसायला सारख्या, पण नियम उलटे! सेल्फचा सच्छिद्र पितळी बुश बसवण्यापूर्वी पातळ इंजिन ऑइलमध्ये 24 तास बुडवून ठेवावा लागतो. तसाच कोरडा ठोकला तर लवकर झिजतो, आर्मेचर कलते आणि भोवतालच्या लोखंडाला घासू लागते. डायनमो जोडल्यावर, त्याच्या मुख्य वायरी लावण्यापूर्वी, फील्डच्या टर्मिनलला बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन त्याचे ध्रुव ठरवून घ्यावे लागतात. हे न करता गाडी सुरू केली आणि ध्रुव उलटे असले तर कटआउटचे पॉइंट जळतात.

ही माहिती आमच्या वाचकाला का हवी, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण रोजगाराचे आहे. 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. अशा गाडीच्या नव्या नोंदणीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. या गाड्यांचा मालक नवा भाग बसवून समाधानी होत नाही, त्याला जुनाच भाग जिवंत करून हवा असतो. सुताच्या वेणीची जुनी वायर बाहेरून तशीच दिसली पाहिजे आणि आतून सुरक्षित असली पाहिजे, असा त्याचा आग्रह असतो. त्यासाठी प्रत्येक वायर सोडवण्यापूर्वी तिला चिठ्ठी बांधणे, नकाशा काढणे, जाडी मोजणे आले. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असे. काही जुन्या गाड्या 6 व्होल्टच्या होत्या आणि त्यांना दुप्पट करंट लागत असल्याने केबल जाड होती. हे ठाऊक नसलेला माणूस लाखमोलाची गाडी जाळून बसेल. अर्थात असे गिऱ्हाईक मोजकेच. पण टेम्पो, ट्रॅक्टर, जनरेटर यांची सेल्फ मोटर आणि बॅटरी त्याच नियमाने चालते. बॅटरीवरच्या रिक्षेतही सैल जोड गरम होतो तो त्याच हिशेबाने.

दुसरे कारण आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. वायरमनने अर्धा तास डोके चालवून टर्मिनल शोधले, पॉलिश पेपरच्या तुकड्याने घासले आणि गाडी सुरू करून दिली, तर गिऱ्हाईक म्हणते, "नुसते घासले, त्याचे कसले पैसे?" तेच त्याने चांगली बॅटरी काढून नवी बसवली असती तर निमूटपणे हजारो रुपये मिळाले असते. म्हणजे जो प्रामाणिकपणे दोष शोधतो त्याला तोटा आणि जो भाग बदलतो त्याला फायदा! अशाने पुढची पिढी दोष शोधायला कशाला शिकेल? आमची सूचना अशी आहे की गॅरेजच्या बिलात 'माल' आणि 'मजुरी' यांच्या जोडीला 'तपासणी' असा तिसरा रकाना असावा. डॉक्टरने नाडी पाहिली, औषध दिले नाही, तरी आपण त्याची फी देतो. डोक्याच्या कामाला मोल आहे हे मान्य करायचे, पण ते डोके तेलकट कपड्यांतल्या माणसाचे असले की नाकारायचे, हा न्याय नव्हे.

आता घरातल्या भगिनींसाठी थोडे, कारण या कामाचा एक धोका कपड्यांवरून घरात येतो. बॅटरीत शिसे असते. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि तिचे कुठलेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. म्हणून बॅटरीचे किंवा झाळण्याचे काम करणाऱ्याचे कपडे वेगळे धुवावेत, त्याने साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय मुलाला उचलू नये, जेवायला बसू नये. जुन्या बॅटरीच्या प्लेटी घरात किंवा चाळीच्या गॅलरीत फोडू नयेत. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ विडी-काडी नको. हातातले कडे आणि अंगठी काढून काम करावे. ॲसिड डोळ्यांत उडाले तर ताबडतोब निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि दवाखाना गाठावा. ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही.

आणि मुलांबद्दल. 14 वर्षांखालच्या मुलाला गॅरेजवर कामाला ठेवणे गुन्हा आहे. 2016 च्या दुरुस्तीने कायदा आणखी कडक झाला. 'छोटू' म्हणून पाने पुसत वाढलेल्या मुलाला वायर कुठली ते कळते, पण ओहम म्हणजे काय ते कोणी सांगत नाही, आणि मग तो आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली राहतो. म्हणून आधी दहावी, मग आयटीआय. मेकॅनिक मोटर व्हेईकल किंवा इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. आणि त्याच्या जोडीला एखाद्या जुन्या जाणत्या कारागिराचा सहवास. शाळा कारण शिकवते, कारागीर कान शिकवतो.

ज्यांच्या घरी असा जुना कारागीर आहे, त्यांना आमची विनंती आहे. शंभर पानी वही आणा. संध्याकाळी अर्धा तास वडिलांजवळ किंवा काकांजवळ बसा आणि विचारा: आवाज असा आला तर तुम्ही आधी काय बघता? मग काय? आणि ते नसेल तर? ते सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. पुढच्या रविवारी एखाद्या बंद पडलेल्या गाडीवर ते पडताळून पाहा. ती विद्या कोणत्याही पुस्तकात एकत्र सापडणार नाही, आणि ती सांगणारा माणूस आज घरातच आहे.