दार उघडले, तिजोरीचे काय?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्याच अमेरिकेतील कृषी महाविद्यालयांचा इतिहास आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण त्यात आपल्यासाठी मोठा धडा आहे.

१८६२ साली तेथे मॉरिल कायदा झाला. संसदेतील प्रत्येक सदस्यामागे तीस हजार एकर सरकारी जमीन राज्याला द्यायची आणि ती विकून आलेल्या पैशातून शेतीचे व यंत्रविद्येचे शिक्षण देणारी महाविद्यालये चालवायची, असा तो कायदा. पण ही 'सरकारी' जमीन आली कोठून? मूळनिवासी जमातींकडून; कधी बळाने, कधी नाममात्र मोबदल्याने. त्या जमातींच्या स्वतःच्या महाविद्यालयांना या योजनेत स्थान मिळायला १९९४ साल उजाडावे लागले!

दक्षिणेकडील राज्यांत तर कृष्णवर्णीयांना बहुतेक ठिकाणी दार बंदच होते. म्हणून १८९० साली दुसरा कायदा आला. प्रवेशात वर्णभेद करू नका. करायचाच असेल तर कृष्णवर्णीयांसाठी वेगळे महाविद्यालय काढा आणि निधीची न्याय्य वाटणी करा, अशी त्याची अट होती. राज्यांनी वेगळी महाविद्यालये काढली. न्याय्य वाटणी मात्र केली नाही. २०२३ साली अमेरिकेच्या शिक्षण व कृषी मंत्र्यांनी सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहिली. १९८७ ते २०२० या काळात या महाविद्यालयांना बाराशे कोटी डॉलरहून अधिक निधी कमी मिळाला, असे त्यांत नमूद आहे. कायद्यात 'न्याय्य' हा शब्द होता; पण त्याचा हिशेब मागणारी यंत्रणा नव्हती.

वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे जॉर्ज कार्व्हर मराठी घराघरांत पोहोचला. कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग लावा, असे तो गरीब वाटेकऱ्यांना सांगत होता. १९०६ साली टस्कीगीहून त्याच्या कल्पनेतील शेतीशाळेची गाडी खेडोपाडी निघाली. पण जमीन मालकाची, पिकाचा वाटाही मालकाचा. विज्ञान दारी आले तरी वाटेकऱ्याची गुलामी सुटली नाही.

आता आपल्याकडे पाहू. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला महात्मा फुल्यांचे नाव आहे. राखीव जागांमुळे आपली मुले तेथे शिकतात, ही संविधानाची देणगी आहे. परंतु भूमिहीनाच्या मुलाने कृषीची पदवी घेऊन ती कोणत्या शेतात वापरायची? बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग करून जमीन जातधर्म न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, असे मांडले. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले. शिक्षण आणि जमीन या दोन मागण्या आमच्या नेत्यांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. कृषी विद्यापीठांच्या विस्तारकार्यातील किती पैसा गायरान कसणाऱ्यांपर्यंत, शेतमजुरांपर्यंत व अल्पभूधारकांपर्यंत पोहोचला, याचा हिशेब दरवर्षी जाहीर करण्याचे बंधन कायद्याने घाला. राखीव जागेने दार उघडले. आता तिजोरीचा हिशेब मागण्याची वेळ आली आहे.