बाळाचे लंगोटाखालचे हट्टी पुरळ

शेतीखात्याच्या माणसाने तान्ह्या बाळाच्या लंगोटाविषयी लिहावे, याचे काही भगिनींना नवल वाटेल. पण ओल, ऊब आणि कोंदट हवा मिळाली की बुरशी फोफावते. हे द्राक्षबागेत खरे, तसे बाळाच्या जांघेतही खरे.

साधे पुरळ शी-शूच्या ओलीने येते. लंगोट भिजताच बदलावा. जागा नुसत्या कोमट पाण्याने धुवावी, न घासता टिपून कोरडी करावी, थोडा वेळ उघडी ठेवावी. मग झिंक ऑक्साइडचे मलम जाडसर लावावे. वेखंड, टाल्कम, बोरिक पावडर काही नको. भुकटी बाळाच्या श्वासात जाते आणि बोरिक तर विषारीच.

दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, घड्या लालभडक झाल्या, कडेने बारीक पुटकुळ्या उठल्या, तर कँडिडा बुरशीचा संशय घ्यावा. तिला बुरशीनाशक मलम लागते, तेही डॉक्टरांना दाखवूनच. दुकानातून परस्पर आणलेल्या मिश्र मलमात अनेकदा स्टिरॉइड असते; नाजूक कातडीला ते बाधते.

लंगोटातला साबण पुरता खळबळून काढावा, लंगोट कडक उन्हात वाळवावेत. फवारणीचे कपडे त्या बादलीत कधीही भिजवू नयेत. औषधाचा रिकामा डबाही धुण्याला घेऊ नये.

आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात; त्यांना पुरळ दाखवावे. मात्र पू, पाण्याचे फोड, दूध न ओढणे किंवा १००.४ अंश फॅरनहाइट ताप दिसला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा.