ठासणीची बंदूक आणि लिटनचे भूत

शंभर वर्षे उलटून गेलेल्या बंदुकीला परवाना लागत नाही, असा एक समज सुशिक्षित मराठी घरांतूनही पक्का रुजलेला आहे. दसऱ्याला शस्त्रपूजनासाठी पाटावर मांडली जाणारी पणजोबांची ठासणीची बंदूक ही 'पुरातन वस्तू' आहे, शस्त्र नव्हे, अशी त्यामागची भाबडी धारणा. वेळप्रसंगी स्वसंरक्षणार्थ तीच खांद्यावर टाकून बाहेर पडले तर कोण काय करणार, असे छातीठोकपणे विचारणारेही भेटतात. त्याचे उत्तर सरळ आहे : पोलीस अटक करतील आणि कायदा त्यांच्याच बाजूने उभा राहील.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या ४५ व्या कलमात कालबाह्य नमुन्याच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना अधिनियमाच्या कक्षेतून वगळले आहे, हे खरे. पण वाक्य तेथे संपत नाही. दुरुस्ती करून वा न करताही जे शस्त्र बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्यालाच ही सूट आहे. म्हणजे प्रश्न वयाचा नाहीच. बार उडतो की नाही, एवढाच आहे. नळी शाबूत असेल आणि मोडलेला घोडा एखाद्या कारागिराला बसवून देता येत असेल, तर ती बंदूक पेशवाईतली असली तरी कायद्याच्या दृष्टीने आजचीच. गंमत अशी की पुरावस्तूविषयक १९७२ चा अधिनियम शंभर वर्षांच्या वस्तूला पुरावस्तू मानतो. एका खात्याला जो राष्ट्रीय ठेवा वाटतो, तोच दुसऱ्या खात्याला मुद्देमाल दिसतो! अमेरिकेत १९६८ च्या संघीय कायद्याने १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका 'फायरआर्म'च्या व्याख्येतूनच वगळल्या; बाळगून हिंडण्याचे नियम तेथेही राज्याराज्यांत वेगळे आहेत, परंतु निदान व्याख्येची रेघ कोणालाही वाचता येते.

विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने किमान दोन आणि कमाल पाच वर्षे करण्यात आली. गावठी कट्टा विकणाऱ्या टोळ्यांना जरब बसावी म्हणून ही कठोरता आली, तिला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. मात्र शोरा, गंधक आणि कोळशाची दारू ठासून, गजाने दाबून, एक बार उडवायचा आणि पुढच्या बारासाठी पुन्हा तेच सारे करायचे, अशा हत्याराला घेऊन कोणता गुंड खंडणी मागायला निघतो? पावसाने दारू सादळली तर जिचा दांडक्यापलीकडे उपयोग नाही, त्या बंदुकीचा वारस आणि पिस्तुलांचा चोरटा व्यापारी यांच्यातील अंतर कायद्याला ओळखता येऊ नये?

परवाना घेतला तरी कोंडी सुटत नाही. कलम १३ मध्ये संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीच्या, आतून गुळगुळीत बंदुकीचा उल्लेख आहे. ठासणीच्या बंदुकीचे नाव येते ते केवळ पीकसंरक्षणासाठी. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील शेतकऱ्याच्या परवान्यावर तेच प्रयोजन असते. मुख्य रस्त्यापासून दूर, रानात एकट्या पडलेल्या घराचा हा कुटुंबप्रमुख रानडुकरापासून भात राखण्यास समर्थ आहे, असे शासन मान्य करते. दरोडेखोरापासून स्वतःची मुलेबाळे राखण्यास तो समर्थ आहे की नाही, याविषयी मात्र मौन. बरे, डुक्कर मारायचे तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली पुन्हा वेगळी परवानगी. हाती बंदूक आहे, परवाना आहे, समोर नासधूस चालली आहे आणि शेतकरी कागदाची वाट पाहत बांधावर उभा आहे. याला कारभार म्हणायचे!

येथे एक कायदेशीर बाब नीट ध्यानी घेतली पाहिजे. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय दंड संहितेने कलम ९६ ते १०६ मध्ये दिला होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कलम ३४ ते ४४ मध्ये कायम आहे. जिवावर बेतले असता हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत तो जातो. परंतु हा हक्क हत्येच्या आरोपातून मुक्त करू शकतो, विनापरवाना शस्त्र बाळगल्याच्या आरोपातून नव्हे. स्वतःचा जीव वाचविणारा गृहस्थ एका खटल्यातून निर्दोष सुटून दुसऱ्यात तुरुंगात जाऊ शकतो.

या मनोवृत्तीचे मूळ १८७८ मध्ये आहे. लॉर्ड लिटनने त्या एकाच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी केली आणि शस्त्रकायदाही आणला. युरोपियनांना त्यातून सूट होती. नि:शस्त्र व्हायचे होते ते या भूमीच्या पुत्रांनी. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी बंड पुकारले, यावरून राज्यकर्त्यांना कशाची धास्ती होती ते उमगते. वृत्तपत्रांवरील बेडी रिपनच्या काळातच तुटली. शस्त्रांवरील बेडी मात्र स्वातंत्र्यानंतरही बारा वर्षे तशीच राहिली आणि नंतर नव्याने घडविली गेली. अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजी यांनीही १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्याचा तीव्र धिक्कार केला होता. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट केला. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामत यांनी त्याचीच आठवण दिली. डॉ. आंबेडकरांनी राज्याच्या नियंत्रणाची आवश्यकता मांडून ती सूचना स्वीकारली नाही. नियंत्रण हवे, हे बाबासाहेबांचे म्हणणे योग्यच होते. नियंत्रण आणि अविश्वास यांत फरक आहे, हे मात्र नंतरचे राज्यकर्ते सोयीस्करपणे विसरले.

विश्वास ठेवला तर काय होते, हे पाहायला दूर जाण्याची गरज नाही. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे. कैलपोढ सणाला तेथे बंदुकीची पूजा होते. केंद्राने २०१९ मध्ये ही सूट २०२९ पर्यंत वाढविली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. ज्या मातीने देशाला जनरल थिमय्या आणि फील्ड मार्शल करिअप्पा दिले, तेथे घराघरांतील बंदुकीमुळे राज्य कोसळले नाही.

कोडगूची सूट सरसकट सर्वत्र द्यावी, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. ठासणीच्या बंदुकीसाठी वेगळा, सोपा वर्ग करावा. पीकसंरक्षणाच्या परवान्यात राहत्या घराच्या संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख असावा. वारशाने आलेल्या जुन्या शस्त्राची नोंद करण्यास पुढे येणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. खासदारांनी एवढे तरी संसदेत मांडावे. तोवर ज्यांच्या घरी अशी बंदूक विनानोंद पडून आहे, त्यांनी मिरवणुकीत तिचे बार काढण्याचा उत्साह आवरावा, कारण इतरांचा जीव धोक्यात येईल असा हर्षोल्लासातील गोळीबार २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. वकिलाच्या सल्ल्याने वारसाहक्काच्या परवान्यासाठी अर्ज करावा. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून तो नाकारता येत नाही. नकार दिल्यास त्याची कारणे लेखी नोंदविणे कलम १४ नुसार परवाना अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि त्या नकाराविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येते.